घरचं की पाकिटातलं? आधी प्रश्न दुरुस्त करू

श्रावण लागला की लालबागच्या आमच्या चाळीत एक प्रश्न हमखास निघतो. शेजारच्या काकूंचा मोत्या दहा किलोचा आहे. एरवी त्याला रोज चिकन-भात मिळतो. श्रावणात त्यांच्या घरात चिकन शिजत नाही, मग महिनाभर पाकिटातलं खाणं. "ताजं सोडून हे सुकं घालायचं म्हणजे जिवावर येतं बघ," काकू म्हणाल्या. "तू पीएचडी करतेस ना, सांग बरं, चांगलं काय? घरचं की पाकिटातलं?"

उत्तर द्यायला गेले आणि अडकले, कारण प्रश्नच नीट मांडलेला नव्हता. 'घरचं' म्हणजे काय? दूध-पोळी, दहीभात, चिकन-भात की पशुवैद्यकाने वजनमापासह लिहून दिलेला आहार? 'पाकिटातलं' म्हणजे तरी काय? कुठल्याशा पाकिटावर 'पूर्ण व संतुलित आहार' असं लिहिलेलं असतं, तर कुठलं नुसतं खाऊचं असतं. अन्न कुठे तयार झालं हे कुत्र्याच्या शरीराला कळत नाही. त्यातून काय आणि किती मिळालं, एवढंच कळतं. तेव्हा मोजायचं ते हेच.

मग मोत्याच्या ताटलीचा हिशेब मांडला. विश्रांतीच्या अवस्थेतली ऊर्जेची गरज काढताना वजनाचा (किलोमध्ये) ०.७५ घात घेऊन त्याला ७० ने गुणतात. दहा किलोला सुमारे ३९४ किलोकॅलरी येतात. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला १.६ ने गुणलं की साधारण ६३०. शिजवलेलं बोनलेस चिकन २५० ग्रॅम आणि भात १७० ग्रॅम दिला की ही गरज भागते. पोट भरलं, पण कॅल्शियमचं काय?

अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना 'आफ्को' प्रौढ कुत्र्यासाठी दर १००० किलोकॅलरीमागे किमान १.२५ ग्रॅम कॅल्शियम सांगते. म्हणजे मोत्याला रोज सुमारे ७९० मिलिग्रॅम हवं. चिकन-भातातून मिळतं जेमतेम ५५. उलट फॉस्फरस मिळतो ६४० च्या आसपास. दोघांचं प्रमाण १:१ ते २:१ च्या दरम्यान असावं लागतं, इथे ते १:१२ झालं! पिल्लांमध्ये अशा आहाराने हाडं वाकतात, मोडतातही. प्रौढ कुत्र्यात मात्र शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली पातळी सांभाळत राहतं. त्यामुळे "आमचा मोत्या तर मजेत आहे" हा पुरावा कच्चा आहे.

हे एका ताटलीचं झालं. बाकीच्यांचं काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये पुस्तकं, संकेतस्थळं वगैरेंमधून कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती गोळा करून तपासल्या. त्यांतल्या १९० मध्ये, म्हणजे ९५ टक्क्यांमध्ये, किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी होतं. १६७ मध्ये एकाहून जास्त. 'आफ्को'च्या सगळ्या किमान अटी फक्त ९ पाककृतींनी पूर्ण केल्या, आणि त्यांतल्या ८ पशुवैद्यकांनी लिहिलेल्या होत्या.

इथे थांबा. यावरून "घरचं खाणारे ९५ टक्के कुत्रे आजारी पडतात" असं लिहिलंत तर ती चूक होईल. अभ्यास पाककृतींचा होता, कुत्र्यांचा नव्हता. शिवाय त्या ९ पाककृतीही घरात शिजवायच्याच होत्या! म्हणजे घरचं अन्न पुरेसं असू शकतं, अंदाजाने शिजवलेलं मात्र क्वचितच असतं. पेपर वाचताना 'नेमकं काय मोजलं?' हे समासात लिहून ठेवायची सवय लावा.

आता पाकिटाकडेही तितक्याच संशयाने बघू. सुक्या खाण्यावर २४ टक्के प्रथिनं लिहिलेली असतात, ओल्या डब्यावर ८. सुकं जास्त पौष्टिक? सुक्यात पाणी १० टक्के आणि ओल्यात ८० टक्के असेल, तर पाणी वजा करून सुक्यात २६.७ टक्के आणि ओल्यात ४० टक्के प्रथिनं निघतात. शिवाय हा आकडा सहसा प्रथिनं थेट मोजून येत नाही, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. हीच फट वापरून चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये नायट्रोजनने भरलेलं मेलामाइन मिसळलं गेलं. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत त्यापायी कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. आपल्याकडचा धोका साधा आहे. पोतं फोडून सुटं विकलेलं खाणं घेतलं की लेबल मिळत नाही, तारीख कळत नाही आणि मुंबईच्या पावसाळी हवेत त्यातली चरबी खवट होते.

मग काकूंना काय सांगितलं? प्रौढ कुत्र्यासाठी 'पूर्ण व संतुलित' लिहिलेलं बंद पाकीट श्रावणात खुशाल घाला. त्यात पाप नाही. फक्त आठवडाभरात हळूहळू बदला. श्रावणानंतर चिकन-भात चालू ठेवायचा असेल तर प्रमाण पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. परळला १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आपल्यापासून चालत जाण्याइतकं. नुसती अंड्याच्या कवचाची पूड घालून भागत नाही. कॅल्शियम भरून निघतं, पण जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांचा हिशेब राहतोच. आणि भातावर कांदा-लसणाची फोडणी नको. दोन्हींनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकले?" मी म्हटलं, नाही काकू, तुम्ही मोजलं नव्हतं, इतकंच. सोमवारी त्या मोत्याला घेऊन परळला गेल्या. सोबत त्याच्या रोजच्या ताटलीचं वजन कागदावर लिहून नेलं होतं.

तुमच्या विषयातही 'हे चांगलं की ते?' असा एखादा प्रश्न असेलच. प्रस्तावना लिहायला बसण्याआधी त्यातल्या दोन्ही शब्दांखाली नेमकं काय काय येतं याची यादी करा. माझ्या मार्गदर्शकांना दाखवलेला माझा पहिला प्रश्न अशाच यादीत विरघळून गेला होता.