लहान विद्यापीठ आणि जनसंज्ञापन

वृत्तविद्या शिकायची तर मुंबई-पुणेच गाठावे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. सोलापूरचे विद्यापीठ २००४ साली केवळ एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले. तेथेही जनसंज्ञापनाचे अध्ययन चालते. हॅरॉल्ड लासवेल यांनी १९४८ साली या शास्त्रापुढे पाच प्रश्न ठेवले : कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणास सांगतो आणि परिणाम काय होतो? यांतील शेवटच्या दोन प्रश्नांसाठी माणसांतच जावे लागते. मराठी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्या सोलापुरात, मराठीत लिहिलेली बातमी तेलुगूभाषक विडी कामगार बाईला कितपत कळली, हे विद्यार्थ्याला संध्याकाळी तिच्या दारी जाऊन विचारता येते. बातमी चुकली, तर वाचक दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठतो. ही धास्ती लेखणीला शिस्त लावते. मोठ्या शहरात साधने अधिक मिळतील. इतका जवळचा वाचक मात्र मिळणे कठीण.