टाकी दारात येते, ती कोणाच्या खर्चाने?

1950च्या दशकात बर्मा-शेल कंपनीने मुंबईत घरगुती गॅस विकायला सुरुवात केली, तेव्हा माहुलचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि गॅस घेणारी घरे यांच्यात अंतर फारसे नव्हते. ग्राहक मोजके, ऐपत बरी, इमारती एकमेकींना लागून. घरपोच गॅसचा धंदा या परिस्थितीत जन्मला आणि त्याचे गणितही तिथेच ठरले: एका फेरीत जितक्या जास्त टाक्या उतरतील, तितकी एकेका टाकीची ने-आण स्वस्त. 1970च्या दशकात परदेशी तेल कंपन्या सरकारी झाल्या, तरी हे गणित तसेच राहिले. पुढे कितीतरी वर्षे कनेक्शनसाठी नंबर लावून बसावे लागे, खासदारांच्या कोट्यासाठी वशिले शोधावे लागत. वितरकाला गिऱ्हाईक हुडकत फिरण्याची वेळच येत नव्हती. घरपोच सेवा परवडते, हा समज त्या काळात रुजला. माझ्या मते ती परवडली टंचाईमुळे आणि दाट वस्तीमुळे. दारापर्यंतच्या रस्त्याचा खरा खर्च कोणी मांडलाच नाही.

आज 14.2 किलोच्या टाकीमागे वितरकाला साधारण 73 रुपये कमिशन मिळते. त्यातले 33 रुपयांच्या थोडे वर घरपोच देण्याचे. हा दर मुळात टाकीवर ठरतो. रस्ता किती, चढण किती, याला त्यात फारसे स्थान नाही. चाळीस टाक्या भरलेला टेंपो डोंबिवलीच्या चार-पाच सोसायट्यांत रिकामा झाला, तर वाहतुकीचे तेराशे रुपयांच्या वर सुटतात. त्यातून डिझेल, चालक आणि टाकी उचलणारा गडी, सगळे भागवायचे. भरलेली टाकी तीस किलोच्या घरात जाते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती खांद्यावर घेऊन चौथा मजला चढायचा, सील तोडून गळती पाहायची, मागितले तर काट्याला लावून वजन दाखवायचे, ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला क्रमांक विचारून घ्यायचा आणि रिकामी टाकी खाली आणायची. बिलापेक्षा जास्त देऊ नका, असे ग्राहकाला सांगितले जाते. तरी वीस-तीस रुपये वर हातावर ठेवले जातात, कारण या कष्टाचे मोल बिलात नाही हे दोघांनाही ठाऊक असते. तोच टेंपो डोंगरातल्या धडगावकडच्या पाड्यांवर न्या. दिवसभरात दहा टाक्या उतरल्या तरी पुष्कळ, आणि हाती येतात साडेतीनशेच्या आतच.

ही अडचण सरकारला कळली नव्हती असे नाही. 2009मध्ये ग्रामीण वितरकांची राजीव गांधी योजना आली, तिचा पायाच छोटी एजन्सी आणि गोदामातून रोखीने विक्री हा होता. घरपोच देणे खेड्यात परवडत नाही, याची ती एक प्रकारे कबुलीच होती. 2016मध्ये गरीब घरांना कनेक्शन देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि 7 सप्टेंबर 2019 रोजी औरंगाबादेत आठ कोटीवे कनेक्शन दिले गेले. ही कामगिरी खरोखर मोठी आहे. धुराने डोळे चोळणाऱ्या बायकांच्या घरी शेगडी पोचली. पण त्याच वर्षीच्या कॅगच्या अहवालात उज्ज्वलेच्या ग्राहकांचा वर्षाचा सरासरी वापर 3.21 टाक्या इतकाच दिसला. म्हणजे घरे आधीच विरळ, त्यात प्रत्येक घर चार महिन्यांतून एकदा टाकी घेणार. ग्राहक वाढले तशी फेरी आणखी रिकामी झाली.

यावर कोणी म्हणेल, एजन्सीसाठी आजही झुंबड उडते, मग तोटा कसला? शहरी एजन्सीबाबत हे खरे आहे, आणि शहराच्या नफ्याकडे पाहूनच खेड्याचा दर ठरतो, हीच तर तक्रार आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर: वाहतुकीचा दर वाढवला तर बोजा गरिबावर पडेल. तो आजही त्याच्यावरच आहे. गाडी येत नाही म्हणून तो जीपवाल्याला पैसे देतो, टाकी तालुक्याहून आणतो आणि एका दिवसाची मजुरी बुडवतो. हा खर्च कोणाच्याही वहीत चढत नाही. पैसा कुठून येणार, असे विचाराल, तर गॅस कमी दराने विकल्याची भरपाई म्हणून तेल कंपन्यांना 2022मध्ये 22,000 कोटी आणि 2025मध्ये 30,000 कोटी रुपये मंजूर झाले. गॅसच्या किमतीतला खड्डा सरकार भरते, तर रस्त्याचाही काही भाग भरता येईल. टाकी खरोखर घरी पोचली की नाही, हे 2020पासून सुरू झालेल्या, मोबाइलवर येणाऱ्या क्रमांकाच्या पद्धतीने तपासता येते. डोंगरात जिथे रेंज नाही तिथे मात्र दुसरी खूण शोधावी लागेल, हे मान्य.

2025मध्ये भोपाळच्या अधिवेशनात वितरकांच्या संघटनेने किमान 150 रुपये कमिशन मागितले आणि संपाचा इशारा दिला. त्यांचे दुखणे खरे आहे, पण सरसकट वाढ हे त्यावरचे औषध नव्हे. वाढीव 77 रुपये सगळेच्या सगळे वाहतुकीला लावले, तरी धडगावच्या दहा टाक्यांचे अकराशे होतात. डोंबिवलीच्या टेंपोला आज मिळतात, त्याहूनही कमी.