इंग्रजी सरदारकीचा एक किताब : ड्यूक ऑफ वेलिंग्टन

‘वेलिंग्टनने असईची लढाई जिंकली’ अशा अर्थाचे विधान आपल्या वाचनात येण्याचा संभव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारा सेनानी त्या वेळी मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता. ‘वेलिंग्टन’ हे नाव त्याला सहा वर्षांनंतर मिळाले. तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली हा त्याचा थोरला भाऊ, रिचर्ड. किताब आणि कुलनाम यांतील भेद ध्यानात न घेतल्यास एका व्यक्तीच्या दोन होतात किंवा दोन भावांची एक होते.

किताबाची घडण

इंग्रजी सरदारकीच्या चढत्या क्रमाने पाच श्रेणी आहेत : बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस आणि ड्यूक. आर्थरने त्या पाच वर्षांत ओलांडल्या. स्पेनमधील तालावेराच्या विजयानंतर, १८०९ मध्ये, तो बॅरन व व्हायकाउंट झाला. सॉमरसेटमधील वेलिंग्टन या गावाचे नाव कुलनामाशी मिळतेजुळते असल्याने त्याचा भाऊ विल्यम याने ते किताबासाठी निवडले. १८१२ मध्ये तो अर्ल व पुढे मार्क्वेस, तर १८१४ मध्ये ड्यूक झाला. म्हणजेच ड्यूकपद वॉटर्लूच्या (१८१५) विजयाचे बक्षीस नव्हे.

वारसा

हा किताब केवळ पुरुष वारसाकडे जातो. दुसरा ड्यूक निपुत्रिक मरण पावल्याने तो पुतण्याकडे गेला. सहावा ड्यूक १९४३ मध्ये इटलीतील युद्धात अविवाहित असताना मारला गेला. त्याला बहीण होती. तरीही ड्यूकपद काका जेराल्ड यांना मिळाले. ते व्यवसायाने वास्तुविशारद होते. याच घराण्याचा ‘ड्यूक ऑफ स्यूदाद रोद्रिगो’ हा स्पॅनिश किताब मात्र स्पेनच्या नियमानुसार बहिणीकडे आला. पुढे तिने तो काकांच्या स्वाधीन केला. एकाच मृत्यूनंतर दोन देशांच्या कायद्यांनी दोन वारस ठरवले, हे येथे लक्षात घ्यावे.

१९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत सरदारांचा लॉर्ड्स सभागृहात बसण्याचा हक्क संपला. किताब उरला, त्यामागील राजकीय अधिकार ओसरला.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. असईच्या लढाईच्या संदर्भात ‘वेलिंग्टन’ हे नाव वापरणे कालदृष्ट्या का सदोष ठरते?
२. १९४३ मधील वारसाच्या उदाहरणावरून इंग्रजी व स्पॅनिश नियमांतील फरक स्पष्ट करा.