कुंपण किती उंच असावे?

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत येताना तुम्ही रोज कितीतरी कुंपणांच्या कडेने चालत येता. कुठे विटांची भिंत असते, कुठे लोखंडी गज, कुठे तारेची जाळी, तर कुठे मेंदीची हिरवी ओळ. काही भिंती कमरेएवढ्या असतात, काही डोक्याच्याही वर जातात. ही उंची कोण ठरवते? तुम्ही म्हणाल, "ज्याची जागा, तो ठरवील." हे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

जरा विचार करा. कुंपणाशी तीन माणसांचा संबंध येतो. पहिला घरमालक. त्याला चोरापासून आणि मोकाट जनावरांपासून रक्षण हवे असते. घराला आडोसाही हवा असतो. दुसरा शेजारी. भिंत फार उंच झाली तर त्याच्या अंगणातले ऊन आणि वारा अडतो. तिसरा रस्त्याने जाणारा. भिंतीआडून येणारी गाडी त्याला दिसली नाही, तर त्याचा जीव धोक्यात येतो. या तिघांचाही विचार व्हावा म्हणून कुंपणाच्या उंचीचे नियम केलेले असतात.

आपल्या महाराष्ट्रातला नियम पाहू. रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजली असता घराची आवारभिंत 1.5 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे पाच फुटांपेक्षा उंच नसावी. कोणाला याहून उंच कुंपण हवे असेल, तर ते 2.4 मीटरपर्यंत नेण्याची परवानगी मिळू शकते. पण तेव्हा वरचा 0.9 मीटरचा भाग भरीव चालत नाही. तिथे गज किंवा जाळी लावावी लागते. त्यातून ऊन, वारा आणि नजर तिन्ही पार जातात.

उंची रस्त्याच्या मध्यापासून का मोजायची? समजा, एखाद्याने आपल्या जागेत दोन फूट मातीचा भराव टाकला आणि त्यावर पाच फुटांची भिंत बांधली. तो म्हणेल, "माझी भिंत पाचच फूट आहे." पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती सात फूट दिसेल. मोजणी रस्त्यापासून केली म्हणजे ही पळवाट राहत नाही.

सगळ्यांत कडक नियम कोपऱ्यावरच्या जागेला आहे. जिथे दोन रस्ते मिळतात, तिथे कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना 10 मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त 0.75 मीटर, म्हणजे अडीच फूट ठेवायची. उरलेली उंची गजांनी भरून काढायची. असे का? रस्ते बांधणारे अभियंते मोटार चालवणाऱ्याचे डोळे जमिनीपासून सुमारे 1.2 मीटर उंचीवर असतात असे धरतात. भिंत 1.5 मीटर असेल, तर त्याला पलीकडचे काहीच दिसणार नाही. आता एक लहानसे गणित करा. ताशी 36 किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात 10 मीटर पुढे येते. भिंतीआडून एक मीटर उंचीचे मूल धावत आले, तर चालकाला ब्रेक दाबायला वेळच मिळणार नाही. भिंत अडीच फुटांची असेल, तर मुलाचे डोके आधीच दिसते. कोपऱ्यावरच्या त्या कमी उंचीवर एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

हे नियम प्रत्येक गावात सारखेच असतात का? पूर्वी आपल्या राज्यात निरनिराळ्या शहरांची बांधकामाची नियमावली निरनिराळी होती. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने बहुतेक सर्व शहरांसाठी एकच नियमावली लागू केली. वर सांगितलेले आकडे त्याच नियमावलीतले आहेत. मालेगाव, भिवंडी, ठाणे, पुणे ही शहरे तिच्यात येतात. मुंबईची नियमावली मात्र वेगळी आहे. म्हणून मुलुंड सोडून ठाण्यात पाऊल टाकले की रस्ता तोच राहतो, पण नियमांचे पुस्तक बदलते.

इतर देशांतही असेच आहे. अमेरिकेत असे नियम बहुधा प्रत्येक शहर स्वतः करते. कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिस आणि सांता मोनिका ही अगदी शेजारशेजारची शहरे आहेत. घराच्या पुढच्या अंगणातले कुंपण लॉस एंजेलिसमध्ये सर्वसाधारणपणे साडेतीन फुटांपर्यंत चालते. सांता मोनिकामध्ये ही मर्यादा 42 इंच आहे. दोन शहरे, दोन आकडे! पण थांबा. एका फुटात 12 इंच असतात. हिशेब केलात तर दोन्ही उंची एकच निघेल.

इंग्लंडची पद्धत निराळी आहे. तिथे संपूर्ण देशाला एकच नियम आहे. वाहनांच्या रस्त्यालगत 1 मीटरपर्यंत आणि इतर ठिकाणी 2 मीटरपर्यंतचे कुंपण साधारणपणे परवानगी न मागता बांधता येते. त्याहून उंच हवे असेल तर अर्ज करावा लागतो. शाळेला मात्र रस्त्यालगतही 2 मीटरची सवलत आहे. त्यातही एक अट आहे. एक मीटरच्या वरचा भाग रस्त्यावरच्या लोकांची नजर अडवून धोका निर्माण करणारा नसावा.

आता या नियमांची तुलना करा. घरासमोरच्या सरळ रस्त्यावर महाराष्ट्रात दीड मीटर भिंत चालते, इंग्लंडमध्ये एकच मीटर. म्हणून आपल्याकडे फाटकातून सायकल बाहेर काढताना आधी थांबून दोन्हीकडे पाहणे फार गरजेचे आहे. पण आपल्याकडचा कोपऱ्याचा 0.75 मीटर, इंग्लंडचा 1 मीटर आणि अमेरिकेतल्या त्या दोन शहरांचे साडेतीन फूट म्हणजे सुमारे 1.07 मीटर, हे तिन्ही आकडे मोटार चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा कमीच आहेत.

तुलना करताना मात्र नुसते आकडे पाहू नयेत. उंची कुठून मोजली? कुंपण पुढचे आहे की मागचे? भिंत भरीव आहे की जाळीची? जागा कोपऱ्यावर आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणता नियम कडक आणि कोणता सैल हे सांगता येत नाही.

कुंपणावरून शेजाऱ्यांत भांडणे होतात आणि कधीकधी ती कोर्टापर्यंत जातात. भिंत बांधण्याआधी शेजाऱ्याशी दोन शब्द बोलले आणि नगरपालिकेत जाऊन नियम विचारला, तर पुष्कळदा हा त्रास वाचतो.

मित्रांनो, एक मोजपट्टी घ्या आणि शाळेच्या किंवा आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या भिंतीची उंची मोजा. ती अडीच फुटांपेक्षा जास्त भरीव असेल, तर ही गोष्ट घरातल्या मोठ्यांना आणि शिक्षकांना दाखवा. आणि तिथून जाताना धावू नका. भिंतीपलीकडे कोण येत आहे, हे तुम्हाला दिसत नाही आणि त्यालाही तुम्ही दिसत नाही.