वेबसाइट संस्थेची, मग डोमेन कुणाच्या नावावर?

आपल्या शहरातल्या शाळा, मदरसे, बैतुलमाल आता वेबसाइट करू लागले आहेत. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा. दोन्ही वेगळं, दोन्हींचं भाडं दरवर्षी.

बहुतेक वेळा मोहल्ल्यातला एखादा होतकरू मुलगा सगळं स्वतःच्या ईमेलवर घेतो. उद्या तो नोकरीला पुण्याला किंवा दुबईला गेला, नूतनीकरण राहिलं, की वेबसाइट बंद! मुदत संपलेला पत्ता दुसरा कुणीही घेऊ शकतो. मग लोकांची जकातही भलत्याच खात्यात जाऊ शकते. म्हणून डोमेन संस्थेच्याच नावावर आणि ईमेलवर घ्या. पासवर्ड दोन विश्वस्तांकडे असू द्या.

होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाच्या स्वस्ताईला भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. बॅकअप रोज होतो का, एसएसएल मोफत आहे का, रमजानमध्ये गर्दी वाढली तर वेबसाइट टिकेल का, हेही विचारा. सर्व्हर शक्यतो भारतातला बघा. पान लवकर उघडतं. ॲमेझॉनचं क्लाउड केंद्र मुंबईत २०१६ पासून, गुगलचं २०१७ पासून आहे.

शिष्यवृत्तीच्या अर्जात मुलं आधार, बँक खातं लिहून देतात. ती आपल्याकडची अमानत आहे. ती सांभाळणारी जागा नीट पारखूनच घेऊया.