मारिओ बावा : छायालेखकाने रचलेले भय

मारिओ बावा (1914–1980) या इटालियन दिग्दर्शकाच्या चित्रपटांची प्रतवारी करताना कथानकाची संगती हा निकष फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्यांच्या पटकथा पुष्कळदा विस्कळीत आहेत, संवाद कामचलाऊ आहेत, आणि तरीही त्यांतील कित्येक दृश्ये एकदा पाहिली की डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्यांचे वडील एउजेनिओ शिल्पकार होते आणि मूकपटांच्या काळात छायालेखन व चमत्कृतिदृश्ये करीत. मुलगाही दीर्घकाळ छायालेखक म्हणून राबला आणि पंचेचाळिशी उलटल्यावर स्वतःच्या नावाने दिग्दर्शक झाला. त्यामुळे या आढाव्यात भय प्रकाशाने, रंगाने आणि कॅमेऱ्याच्या हालचालीने किती उभे राहिले, एवढेच पाहिले आहे.

या कसोटीवर पहिला मान 'ऑपेरात्सिओने पाउरा' (1966) याचाच. निर्मात्याकडचे पैसे संपत आलेले असताना, रोमजवळच्या काल्काता या जुन्या डोंगरी गावात चित्रित झालेल्या या चित्रपटात मेलिसा नावाच्या मृत मुलीचे भूत चेंडू खेळत येते आणि ज्याला दिसते तो मरतो. ही भूमिका एका मुलाकडून करवून घेतल्यामुळे त्या चेहऱ्यात काहीतरी बिनसल्याचा भास कारण न कळताच होतो. वाड्यातला नायक एका पाठमोऱ्या माणसाचा पाठलाग करीत एकाच खोलीतून पुन्हा पुन्हा बाहेर पडतो आणि अखेर ज्याला गाठतो तो स्वतःच निघतो, हे दृश्य साध्या संकलनाच्या बळावर उभे आहे. स्थळ आणि काळ यांवरचा प्रेक्षकाचा विश्वास इतक्या थोड्या साधनांत उडवणारा प्रसंग भयपटांत विरळा. दोन वर्षांनी फेलिनी यांच्या 'टोबी डॅमिट' या लघुपटातही चेंडू घेतलेली मुलगी अवतरली.

त्याखालोखाल 'सेइ दोन्ने पेर लास्सास्सिनो' (1964). 'जाल्लो' म्हणजे इटालियन भाषेत पिवळा. मोन्दादोरी प्रकाशनाच्या रहस्यकथांच्या पिवळ्या वेष्टनावरून हा शब्द रहस्यकथेला आणि पुढे रक्तरंजित रहस्यपटांच्या प्रकाराला चिकटला, आणि त्या प्रकाराचे दृश्यरूप या चित्रपटाने घडवले. फॅशनगृहातल्या तरुणींचे खून करणारा, चेहऱ्यावर कोरे कापड ओढलेला मारेकरी लांब कोट आणि हॅट घालून वावरतो. जुन्या वस्तूंच्या दुकानातील खुनाच्या प्रसंगी प्रकाश उघडझाप करीत राहतो आणि हिरव्या-जांभळ्या छटांत प्रत्येक पुतळा क्षणभर जिवंत वाटतो. स्त्रियांवरील हिंसा इतकी देखणी करणे अस्वस्थ करणारे आहे, ही तक्रार रास्त आहे आणि सौंदर्याच्या नावाखाली ती झाकता येत नाही.

'ला मास्केरा देल देमोनिओ' (1960) याला अनेक समीक्षक पहिला क्रमांक देतात. गोगोलच्या 'वीय' या कथेवर सैलपणे आधारलेल्या या कृष्णधवल चित्रपटात चेटकिणीच्या चेहऱ्यावर खिळ्यांचा मुखवटा ठोकला जातो. ब्रिटनमध्ये 1968पर्यंत त्यावर बंदी होती. बार्बरा स्टील यांची दुहेरी भूमिका आणि धुक्यातली संथ घोडागाडी अविस्मरणीय आहे; पण बावा यांची खरी ओळख असलेला रंग येथे नाही, म्हणून स्थान तिसरे. कृष्णधवल माध्यमावरची त्यांची हुकमत मात्र आधीपासूनची होती. रिक्कार्दो फ्रेदा यांनी अर्धवट सोडलेल्या आणि बावा यांनी पूर्ण केलेल्या 'ई वाम्पीरी' (1957) मध्ये नायिका एकाच अखंड दृश्यात म्हातारी होते: चेहऱ्यावर लाल रंगाने रेखाटलेल्या सुरकुत्या लाल प्रकाशात दिसत नाहीत, आणि प्रकाशाचा रंग बदलताच गडद होऊन वर येतात.

'ई त्रे व्होल्ती देल्ला पाउरा' (1963) या तीन कथांच्या चित्रपटात मृत स्त्रीच्या अंगठीची कथा सर्वोत्तम आहे. थेंब पडण्याच्या आवाजाइतके क्षुल्लक काही इतके भिववू शकते यावर विश्वास बसत नाही. 'तेर्रोरे नेल्लो स्पात्सिओ' (1965) मध्ये आरसे, धूर आणि मोजके कृत्रिम खडक वापरून अख्खा ग्रह उभा केला आहे, आणि त्यातला महाकाय सांगाडा पाहताना 'एलियन' (1979) आठवल्यावाचून राहत नाही. 'दियाबोलिक' (1968) खेळकर आणि देखणा. 'रेआत्सिओने आ कातेना' (1971) हा पुढच्या अमेरिकन खूनसत्रपटांचा पूर्वज म्हणून महत्त्वाचा, परंतु कलाकृती म्हणून दुय्यमच.

'लीसा ए इल दियाव्होलो' (1973) चे स्थान निश्चित करणे अवघड आहे, कारण स्वप्नासारखा संथ उलगडणारा हा चित्रपट कापून, त्यात भूतबाधा उतरवण्याची नवी दृश्ये घालून 'एक्सॉर्सिस्ट'च्या लाटेवर वेगळ्या नावाने विकण्यात आला, आणि मूळ रूप प्रेक्षकांपुढे पुष्कळ उशिरा आले; ते मूळ रूप मात्र पहिल्या पाचांत बसते.