मूल अभ्यासात मागे? आधी डोळे तपासा

ग्वाल्हेरच्या किला गेट भागातली शाळा असो की बेळगावची, फळा अंधुक दिसणारं मूल सहसा तक्रार करत नाही. सगळ्यांना असंच दिसतं, असं त्याला वाटतं. मग शेजारच्याच्या वहीतून उतरवणं सुरू होतं आणि 'ढ'चा शिक्का बसतो.

चष्म्याने खरंच फरक पडतो? चीनमधल्या २५२ प्राथमिक शाळांतला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोफत चष्मे मिळालेल्या मुलांचे गणिताचे गुण वाढले होते.

किला गेटच्या रस्त्यावरून जाताना मुलाचा एकेक डोळा झाकून लांबच्या दुकानाची पाटी वाचायला सांगा. एकच डोळा कमजोर असेल, तर दोन्ही उघडे असताना कळतच नाही. वाचता आली नाही तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठा. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा तर निव्वळ गैरसमज.

सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तपासणी करतात. इतर पालकांनी मात्र स्वतःच हालचाल करावी.